जुनी लेस: आधी धागा, मग गोष्ट

वारशाने आलेल्या लेसबद्दल बहुतेक घरांत तीन गोष्टी ठामपणे सांगितल्या जातात: ती हाताने केलेली आहे, परदेशातून आणलेली आहे आणि निदान शंभर वर्षांची आहे. गोव्यातल्या ख्रिस्ती घरातली बाप्तिस्म्याच्या झग्याची झालर असो, मुंबईतल्या पारशी घरातली पोलक्याच्या बाह्यांची पट्टी असो, की पुण्याच्या जुन्या बंगल्यातला पांढरा टेबलक्लॉथ असो, ही तीन विधाने फारशी बदलत नाहीत. तिन्ही खरी असू शकतात. पण ती पडताळण्याची वाट वेगवेगळी आहे आणि मिळणारी खात्रीही सारखी नाही. लेस कशी बनली, हे तिचा धागा जवळजवळ नेमके सांगतो. केव्हा बनली, हे तो एका मर्यादेपर्यंत सांगतो. कुठे बनली, हे सांगताना तो अडखळतो. आणि ती कोणाच्या अंगावर होती, हे त्याला सांगताच येत नाही. ते माणसांनीच सांगायचे असते. म्हणून प्रश्नही याच क्रमाने विचारायला हवेत: आधी कशी, मग केव्हा, मग कुठे आणि शेवटी कोणाची. आपण नेमके उलटे करतो. आजीच्या नावापासून सुरुवात करतो, नावावरून देश ठरवतो, देशावरून वय ठरवतो आणि धाग्याकडे पाहायचे राहूनच जाते. माझे म्हणणे असे आहे, की लेसची ओळख आणि तिचा आनंद या दोन्ही गोष्टी धाग्याच्या चालीत आहेत. ती चाल वाचायला दहापट मोठे दाखवणारे भिंग, खाली अंथरायला गडद रंगाचे कापड आणि थोडा धीर, एवढे भांडवल पुरते.

भरतकामात कापड आधी असते आणि नक्षी त्यावर चढते. लेसमध्ये कापड नसतेच. धागा आणि त्याने राखलेली भोके मिळूनच वस्तू तयार होते. ही कला सोळाव्या शतकात इटली आणि फ्लँडर्स या भागांत आकाराला आली. आधी लिननच्या कापडातले धागे कापून, काढून, उरलेल्या चौकटीत सुईने नक्षी भरत. पुढे कारागिरांनी ती चौकटही सोडून दिली आणि नुसत्या धाग्यावर टाके उभे केले. इटालियनांनी या कामाला ‘हवेतले टाके’ असे नाव दिले. याच काळात दुसरी पद्धत वाढत होती: अनेक धागे बॉबिन नावाच्या रिळांवर गुंडाळून ते एकमेकांत गुंफायचे. या पद्धतीच्या नमुन्यांचे ‘ले पोम्पे’ नावाचे पुस्तक व्हेनिसमध्ये 1557 साली छापले गेले, तर झुरिकमधल्या 1561 च्या नमुना-पुस्तकात असे नोंदले आहे, की हे काम तिथे 1536 साली इटलीतल्या व्यापाऱ्यांकडून आले. म्हणजे हाताच्या लेसची सुईची आणि बॉबिनची ही दोन मोठी घराणी जवळपास एकाच वेळी उभी राहिली. पुढे त्यांत क्रोशा आणि टॅटिंग यांची भर पडली, आणि एकोणिसाव्या शतकात यंत्राची. वारशाने आलेला तुकडा कोणत्या घराण्यातला, हा पहिला प्रश्न. आणि त्याचे उत्तर तुकड्याच्या सौंदर्यात शोधायचे नसते, भरीव भागाच्या बांधणीत शोधायचे असते.

फुलाची पाकळी किंवा पान असा एखादा भरलेला आकार भिंगाखाली धरावा. तिथे काजाच्या टाक्यांच्या बारीक ओळी एकीखाली एक दिसल्या, प्रत्येक टाका वरच्या टाक्याच्या फाशात अडकलेला दिसला, तर ती सुईची लेस. शर्टाच्या काजाला जो टाका घालतात तोच हा टाका, फक्त त्याच्या आधाराला कापड नाही. ही लेस करताना चर्मपत्रावर नक्षी काढत, तिच्या रेषांवर जाड धागा तात्पुरता टाचून घेत, त्या धाग्याच्या आधाराने आतला भाग टाक्यांनी भरत आणि काम संपले की खालचे टाके कापून लेस सुटी करत. भरीव भाग एखाद्या तलम कापडासारखा दिसला, म्हणजे उभे-आडवे धागे एकमेकांच्या खालून-वरून जाताना दिसले, तर ती बॉबिन लेस. तिच्यासाठी घट्ट भरलेल्या उशीवर टाचण्या रोवतात आणि लाकडी किंवा हाडाच्या बॉबिनवरचे धागे त्या टाचण्यांभोवती फिरवतात. कितीही गुंतागुंतीची नक्षी असली तरी या कामात हालचाली दोनच: एक धागा दुसऱ्यावरून ओलांडणे आणि दोन धाग्यांना पीळ देणे. साऱ्या युरोपभरची बॉबिन लेस या दोन हालचालींच्या जोडण्यांतून निघाली आहे. क्रोशा ओळखायला मराठी घरात शिकवावे लागत नाही. साखळी, मुका खांब, खांब हे शब्द ज्यांच्या कानांवर आहेत त्यांना क्रोशाचा तुकडा लगेच कळतो, कारण त्यातली प्रत्येक रेघ फासात फास ओढून झालेली असते. टॅटिंगमध्ये छोट्या शटलने गाठीला गाठ लावून कड्या आणि कमानी केलेल्या असतात. त्या कड्या बोटाला टणक लागतात. ही चार रूपे एकदा नीट पाहिली, की हाताच्या लेसपैकी बरीचशी कोणत्या जातीची आहे हे सांगता येते.

खरी अडचण यंत्राच्या लेसची आहे, कारण तिचा जन्मच हाताच्या लेससारखे दिसण्यासाठी झाला. जॉन हीथकोट याने 1809 साली इंग्लंडमध्ये धाग्यांना पीळ देऊन षट्कोनी जाळी विणणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. चार वर्षांनी नॉटिंगहॅमच्या जॉन लीव्हर्सचे यंत्र आले आणि पुढे त्याला जॅकार्डची छिद्रांची पत्रे जोडली गेल्यावर ते जाळीबरोबर नक्षीही विणू लागले. या यंत्राच्या लेसमध्ये भरीव भाग खऱ्या विणीसारखा दिसत नाही. तो समांतर बारीक कण्यांसारखा दिसतो आणि त्या कण्यांना दुसरा धागा पीळ घालत गेलेला असतो. आकाराभोवतीचा जाड धागा एका आकारावरून दुसऱ्याकडे जाताना कापलेला असतो, म्हणून त्याची टोके कुसळासारखी बाहेर डोकावतात. 1880 नंतरच्या दशकांत स्वित्झर्लंड आणि जर्मनीत आणखी एक युक्ती निघाली: यंत्राने कापडावर दाट भरतकाम करायचे आणि मग खालचे कापड रसायनाने विरघळवून टाकायचे. उरते ती लेस लांबून थेट व्हेनिसची वाटते. भिंगाखाली मात्र तिच्यात काजाचे टाके नसतात, विणही नसते. धाग्यांचा इकडून तिकडे गेलेला केसाळ गुंता तेवढा असतो. एका कसोटीचा उपयोग या साऱ्या प्रकारांत होतो. लांब पट्टीवर एखादी चूक शोधावी, एखादे राहिलेले भोक किंवा वाकडी पाकळी. तीच चूक नक्षीच्या प्रत्येक आवर्तनात त्याच जागी पुन्हा दिसली तर ती यंत्राची. चूक एकदाच झाली असेल आणि पुढच्या फुलात वेगळीच काही झाली असेल, तर तिथे माणसाचा हात होता असे समजायला जागा आहे.

यावर कोणी विचारेल, की हे इतके सोपे असते तर संग्रहालयांना तज्ज्ञ कशाला लागले असते? आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तर असे, की एकाच खुणेवर निकाल देऊ नये. अनुभवी कारागिणीची लेस इतकी काटेकोर असते, की तिच्यात चूक सापडतच नाही. उलट जर्मनीतल्या बार्मेन गावाच्या नावाने ओळखले जाणारे यंत्र धाग्यांना हाताच्या बॉबिनप्रमाणेच खरोखर वेणीत गुंफते. त्याची अरुंद पट्टी भल्याभल्यांना फसवते आणि तिथे आवर्तनातली निर्जीव समानता हीच वाचवणारी खूण ठरते. पुष्कळ तुकडे तर मिश्र असतात. एकोणिसाव्या शतकात ब्रसेल्समध्ये हाताने केलेली फुले यंत्राच्या जाळीवर शिवत. आयर्लंडच्या कॅरिकमॅक्रॉस लेसमध्ये यंत्राच्या जाळीवर तलम कापड ठेवून नक्षीची कड टाचतात आणि बाकीचे कापड कापून टाकतात. लिमरिकमध्ये तशाच जाळीवर सुईने किंवा आकडीने भरतकाम करतात. त्यामुळे ‘हाताची की यंत्राची’ या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा ‘दोन्हींची’ असे येते. भरीव भाग, जाळी, कड आणि जोड या चारही जागा वेगवेगळ्या पाहाव्यात आणि चारही एकच साक्ष देत असतील तेव्हाच ठामपणे बोलावे. सामान्य वाचकालाही हे जमते, कारण इथे प्रतिभा लागत नाही. घाई न करण्याची शिस्त लागते.

‘कशी’ या प्रश्नाचे उत्तर हाती आले, की ‘केव्हा’ची अर्धी वाट आपोआप उघडते. कारण तंत्राला जन्मतारीख असते. यंत्राची पीळ दिलेली षट्कोनी जाळी असेल तर ती वस्तू 1809 च्या आधीची असूच शकत नाही. कापड विरघळवून केलेली लेस 1880 च्या आधीची नाही. नायलॉन 1938 साली जगापुढे आले, म्हणजे नायलॉनचा धागा सापडला तर पणजीच्या लग्नाची गोष्ट पुन्हा तपासावी लागेल. लेससाठी पूर्वी मुख्यतः लिननचा धागा वापरत. लिनन म्हणजे जवसाच्या खोडातला तंतू, आणि फ्लँडर्समध्ये तो इतका बारीक कातत, की कातताना तुटू नये म्हणून ओलसर तळघरांत बसून काम चाले. सुती धागा लेसमध्ये रुळला तो 1830 च्या सुमारास आणि त्यानंतर. म्हणून सुती धाग्याची लेस अठराव्या शतकातली आहे असे कोणी म्हणाले, तर शंका घ्यायला आधार आहे. मात्र या सर्व तारखा एकाच दिशेने चालतात: वस्तू अमुक काळाच्या आधीची नाही, एवढेच त्यांतून सिद्ध होते. ती किती नंतरची, हे ठरत नाही. नक्षीच्या शैलीवर तर याहून कमी भरवसा ठेवावा, कारण एकोणिसाव्या शतकाने सतराव्या शतकाच्या नक्षीची मनसोक्त नक्कल केली. आयर्लंडमध्ये 1845 नंतरच्या भीषण दुष्काळात बायकांना मिळकत व्हावी म्हणून जे क्रोशाकाम वाढले, त्याचा आदर्श व्हेनिसची जुनी उठावदार लेस हाच होता. नक्षी दोनशे वर्षे जुनी, वस्तू मात्र त्या काळी नवी.

वयाच्या बाबतीत सर्वांत फसवी खूण म्हणजे पिवळेपणा. पिवळी लेस जुनी, हे समीकरण इतके पक्के बसले आहे, की पांढरी लेस पाहून लोक निराश होतात. पण एकोणिसाव्या शतकात जुनी दिसावी म्हणून नवी लेस चहा-कॉफीच्या पाण्यात रंगवण्याची फॅशन होती, आणि नीट धुतलेली, उजेडापासून जपलेली दोनशे वर्षांची लेस आजही पांढरी असू शकते. अतिनील दिव्याखाली निळसर चमकणारी लेस नवी, असाही एक समज आहे. कापड उजळवणारी रसायने दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून वापरात आली, त्यामुळे या समजात तथ्य आहे. पण हीच रसायने धुण्याच्या पावडरीत असतात आणि एकदा तशा पावडरीने धुतलेली जुनी लेसही तशीच चमकते. आणखी एक गोष्ट विसरू नये. लेस महाग होती म्हणून ती टाकून देत नसत. आईच्या गळ्याभोवतीची झालर मुलीच्या बाह्यांवर जाई, फाटकी जाळी काढून जुनी फुले नव्या जाळीवर बसवत. म्हणून तुकड्याचे वय एक आणि ज्या वस्तूवर तो शिवला आहे तिचे वय वेगळे, असे वारंवार घडते. दोन्ही सांगावीत, एकात दुसरे मिसळू नये. क्वचित नक्षीच तारीख सांगून जाते. पहिल्या महायुद्धात जर्मनांनी व्यापलेल्या बेल्जियममध्ये मदत आयोगाने वाटाघाटी करून बाहेरून धागा आत नेण्याची आणि लेस बाहेर विकण्याची सोय केली. त्या लेसमध्ये दोस्त राष्ट्रांची चिन्हे आणि वर्षेही विणलेली आढळतात.

आता ‘कुठे’. इथे सर्वांत जास्त सावध राहायला हवे, कारण लेसची नावे गावांची असली तरी ती पद्धतींची नावे होऊन बसली आहेत. काळ्या रेशमाची शांतिली लेस फ्रान्समधल्या शांतिली गावाच्या नावाने ओळखली जाते; एकोणिसाव्या शतकात तिचे बरेचसे उत्पादन फ्रान्समधले बायो आणि बेल्जियममधले खेरार्ड्सबर्गन या गावांत होई. व्हॅलेन्सिएन्स लेस फ्रेंच राज्यक्रांतीनंतर बेल्जियमच्या गावांत सरकली. फ्रान्सच्या चौदाव्या लुईचा मंत्री कोलबेर याने परदेशी लेसवर जाणारा पैसा थांबवण्यासाठी 1665 साली राजाश्रयाची लेस-केंद्रे उघडली आणि तिथे शिकवायला व्हेनिसच्या कारागिणी आणवल्या. त्यानंतरच्या काही दशकांतल्या तुकड्यांपैकी व्हेनिसचे कोणते आणि फ्रेंच कोणते, यावर जाणकारांचेही एकमत होत नाही. गावागावाच्या जाळीत फरक आहेत आणि ते शिकण्यासारखे आहेत. व्हॅलेन्सिएन्सच्या जाळीचे घर चौकोनी किंवा गोल असते आणि त्याच्या सर्व बाजू चार धाग्यांच्या वेणीच्या. मेकलनच्या षट्कोनी घरात दोन बाजू वेणीच्या आणि चार नुसत्या पिळाच्या. ब्रसेल्सच्या तुकड्यात फुले आधी सुटी करून मागून जाळी भरलेली, म्हणून उलट्या बाजूला फुलांच्या पाठीवरून आडवे गेलेले धागे दिसतात. पण या फरकांवरून ‘ही ब्रसेल्स पद्धतीची लेस’ एवढेच म्हणावे. ‘ही ब्रसेल्सहून आली’ असे म्हणण्यासाठी पावती, पत्र किंवा फोटो यांपैकी काहीतरी हाताशी हवे.

आपल्याकडच्या घरांसाठी या सावधगिरीला आणखी एक कारण आहे. लेस पाहिली की ती विलायती, असे आपण गृहीत धरतो. पण भारतात लेस दोनशे वर्षांपासून बनते आहे. दक्षिणेत नागरकोइल इथे लंडन मिशनच्या मार्था मॉल्ट यांनी 1820 च्या सुमारास मुलींना बॉबिन लेस शिकवायला सुरुवात केली. आंध्रातल्या गोदावरीच्या मुखाजवळच्या नरसापूर परिसरात मिशनऱ्यांमुळे रुजलेले क्रोशाकाम पुढे मोठा निर्यातीचा धंदा झाले. गोव्यात कॉन्व्हेंटच्या शाळांतून आणि घरांतून क्रोशा आणि लेसकाम पिढ्यानपिढ्या शिकवले गेले. वेदीवरची वस्त्रे आणि टेबलावरचे रुमाल घरच्याच हातांनी होत. महाराष्ट्रातल्या घरांत क्रोशाची तोरणे, ताटावरचे रुमाल, पोलक्याच्या कडा हे तर बायकांच्या रोजच्या हातकामातले. तेव्हा घरातला टेबलक्लॉथ बेल्जियमचा आहे असे सांगितले जात असले, आणि भिंगाखाली तो क्रोशाचा निघाला, तर तो नरसापूरचा किंवा थेट आजीच्या हातचा असण्याची शक्यता आधी तपासावी. यात वस्तूचा मान कमी होत नाही. आपल्याच घरातल्या बाईचे श्रेय आपण जर चुकून अनोळखी देशातल्या अनोळखी कारागिणीला दिले असेल, तर धागा ते घरच्या बाईला परत मिळवून देतो.

इतक्या चिकित्सेने आनंद मरतो, असे पुष्कळांना वाटते. अनुभव उलटा आहे, आणि त्याला आकड्यांचा आधार आहे. फ्रान्समधल्या आलाँसोनच्या सुईच्या लेसची युनेस्कोने 2010 साली अमूर्त वारशाच्या यादीत नोंद केली. त्या नोंदीनुसार एक चौरस सेंटिमीटर लेसला सात तास लागतात आणि हे काम पूर्ण अंगी मुरायला सात ते दहा वर्षे. या हिशेबाने दहा सेंटिमीटर लांब-रुंद तुकड्याला सातशे तास लागतात; रोज आठ तास बसले तरी जवळपास तीन महिने. हे कळल्यावर तळहाताएवढा तुकडा पूर्वीसारखा दिसत नाही. बुरानो बेटावर 1872 साली लेसशाळा पुन्हा उभी राहिली तेव्हा जुना टाका येणारी चेंचिया स्कार्पारिओला ही एकच म्हातारी सापडली होती, आणि तिच्याकडून तो टाका उचलून पुढच्यांना शिकवावा लागला. आयर्लंडच्या योल गावातल्या एका ख्रिस्ती धर्मभगिनीने इटालियन लेसचा तुकडा टाका-टाका उसवून त्याची रचना शोधली आणि मग ती मुलींना शिकवली. म्हणजे धागा वाचणे ही संग्राहकांची चैन नव्हे. याच वाचनाने ही कला दोनदा मरता मरता वाचली आहे. डच चित्रकार व्हर्मीरने 1670 च्या सुमारास रंगवलेली लेस करणारी तरुणी आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. चित्र जेमतेम वहीच्या पानाएवढे. त्यात तिच्या चेहऱ्यावर नटवेपणा नाही, सारे लक्ष दोन बोटांमधल्या ताणलेल्या धाग्यावर आहे. बॉबिनच्या दोन हालचाली ज्याला कळल्या, त्याला तिची ती एकाग्रता कशासाठी आहे हेही कळते.

दुसरा आक्षेप असा, की तपासणीत लेस यंत्राची निघाली तर सगळे मोल गेले. हे बाजाराचे बोलणे आहे, आणि बाजारापुरतेच खरे आहे. यंत्राच्या लेसलाही इतिहास आहे, तोही रक्ताघामाचा. हीथकोटच्या लफबरो इथल्या कारखान्यावर 1816 साली यंत्रे फोडणाऱ्या कामगारांनी हल्ला केला आणि त्याने आपला धंदा डेव्हनमध्ये टिव्हरटनला हलवला. लीव्हर्सचे यंत्र हजारो धागे एकाच वेळी चालवते. त्यासाठी नक्षीचे गणित मांडणारा माणूस आणि यंत्र जुळवणारा कारागीर यांचे कसब लागते, आणि आता अशी यंत्रे मोजक्याच ठिकाणी उरली आहेत. केट मिडलटन यांचा 2011 च्या लग्नातला पोशाख जगाने पाहिला. त्यातली फुले यंत्रावरच्या इंग्रजी आणि फ्रेंच लेसमधून कापून घेतली होती आणि लंडनच्या रॉयल स्कूल ऑफ नीडलवर्कच्या हातांनी ती रेशमी जाळीवर शिवली होती. हात आणि यंत्र यांत इतकी कठोर भिंत घालायचे कारण नाही. तुकडा यंत्राचा आहे हे कळले, तर त्याला यंत्राच्या कसोट्यांनी पाहावे: नक्षी किती बारीक, जाळी किती समान, धागा किती तलम. वाईट गोष्ट एकच: यंत्राची लेस हाताची म्हणून मिरवणे. त्यात यंत्राचाही अपमान आहे आणि हाताचाही.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. लेस ही श्रीमंतांच्या दिखाव्यासाठी गरीब बायकांच्या डोळ्यांवर उभी राहिलेली वस्तू. तिचे कौतुक कशाला? आरोप खरा आहे. इंग्लंडच्या बेडफर्डशायर-बकिंगहॅमशायर भागातल्या लेसशाळांत पाच-सहा वर्षांची मुले दिवसभर उशीवर बॉबिन फिरवत बसत. संध्याकाळी एका मेणबत्तीभोवती पाण्याने भरलेले काचेचे गोळे ठेवून तिचा उजेड प्रत्येकीच्या कामावर पाडला जाई. हे फक्त जुन्या युरोपातले नाही. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी नरसापूरच्या लेसकामगार बायकांवर 1982 साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात दाखवले, की जागतिक बाजारासाठी माल तयार करणाऱ्या या बायकांना व्यापारी केवळ ‘गृहिणी’ मानत. त्यांचे काम फावल्या वेळचे म्हणून गणले जाई आणि मजुरीही तशीच तुटपुंजी असे. पण यावरून लेसकडे पाठ फिरवावी, असे निघत नाही. पाठ फिरवल्याने ते श्रम दुसऱ्यांदा अदृश्य होतात. ‘किती नाजूक’ एवढे म्हणून थांबणारे कौतुक आंधळे आहे. हा काजाचा टाका आहे, असे इतके टाके एका पाकळीत आहेत, त्यांना इतके तास लागले असतील, हे पाहणारे कौतुक त्या अनाम बाईला कामगार म्हणून ओळखते. लेसवर सहसा सही नसते. तिच्या करणारीची उरलेली एकमेव नोंद म्हणजे तिने फिरवलेला धागा, आणि ती नोंद न वाचता वस्तू जपणे म्हणजे निम्मा वारसा टाकून देणे.

राहिला चौथा प्रश्न, कोणाची. घरातल्या माणसांना वाटते, की भिंग लावणे म्हणजे आजीच्या शब्दावर अविश्वास दाखवणे. तसे नाही, तो शब्द आणि धागा वेगवेगळ्या गोष्टींचे साक्षीदार आहेत. लग्नात ही ओढणी आजीच्या डोक्यावर होती, हे भिंग खोटे पाडू शकत नाही. ती ओढणी फ्रेंच कारागिणीने हाताने केली होती, हे मात्र पाडू शकते. आजीला ती तशी सांगून दुकानदाराने दिली असेल. चुकीचा भाग गळून गेला, की उरलेली गोष्ट अधिक भक्कम होते. शिवाय ओळख बरोबर असली तरच निगाही बरोबर राखता येते. जुन्या काळ्या रेशमाच्या रंगात लोहाचे क्षार असत, त्यांनी तंतू ठिसूळ होतात. अशी लेस घरी धुवूच नये. लिननची आणि सुती लेस धुता आली तरी ब्लीच, मशिन आणि कडक ऊन तिला चालत नाही. कोकणच्या आणि गोव्याच्या पावसाळी दमटपणात खळ दिलेली लेस कसरीला आमंत्रण देते, म्हणून ठेवताना ती बिनखळीची असावी. प्लॅस्टिकच्या पिशवीत बुरशी धरते आणि लोखंडी टाचणीने गंजाचे डाग पडतात. आम्लरहित कागदात सैल गुंडाळून ठेवावी आणि घडी घालावीच लागली तर दर काही महिन्यांनी घडीची जागा बदलावी, कारण धागा तुटतो तो बहुधा घडीवरच.

एक काम मात्र प्रत्येक घराने लेससाठी जरूर करावे आणि त्याला तज्ज्ञाची वाट पाहू नये. लेसबरोबर एक चिठ्ठी ठेवावी आणि तिच्यात तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहाव्यात. पहिली, भिंगातून काय दिसले: सुती धागा, बॉबिनचे फूल, यंत्राची पीळ दिलेली षट्कोनी जाळी. दुसरी, त्यावरून काय निष्कर्ष काढला: म्हणजे 1809 नंतरची, बहुधा 1830 च्याही नंतरची, ब्रसेल्स पद्धतीची. तिसरी, घरात काय सांगतात: कोणी आणली, कोणी वापरली, कोणाकडून कोणाकडे आली. दिसलेले, ताडलेले आणि ऐकलेले यांची सरमिसळ झाली, की पुढच्या पिढीला त्यांतले काहीच तपासता येत नाही. वेगळे लिहिले, की पुढचा कोणी अधिक चांगले भिंग घेऊन आला तर ताडलेले दुरुस्त करेल आणि ऐकलेल्याला धक्का लागणार नाही. वारसा म्हणजे वस्तू हातात येणे एवढेच नव्हे. ती कोणत्या पुराव्यावर आपली आहे, हे सांगता येणेही त्यात आले, आणि हे सांगण्याची सुरुवात धाग्यापासूनच करावी लागते.